बीएलएसचं प्रशिक्षण खाटेपर्यंत न्यायचं तर

बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडल्यावर करायचे पहिले उपचार) कार्ड पाकिटात आहे आणि खाटेवरचा रुग्ण अचानक निपचित पडला आहे. अशा वेळचं पहिलं मिनिट कसं वाया जातं ते मी पुरेसं पाहिलं आहे. एक सिस्टर मनगटावर नाडी शोधतात. दुसऱ्या बीपीचा कफ गुंडाळतात. कुणीतरी ईसीजी मशीन ओढत आणतं, कुणी ऑन-कॉल डॉक्टरांचा नंबर शोधतं. अटेंडंट पडदा ओढून नातेवाइकांना बाहेर काढतो. सगळे धावपळीत, आणि छातीवर अजून एकाचाही हात नाही. नंतर विचारा, प्रत्येकाला ‘तीसाला दोन’ (तीस वेळा छाती दाबायची, मग दोन श्वास द्यायचे) तोंडपाठ असतं.

माणसं आळशी नसतात. त्यांना शिकवलेलंच असतं सभागृहात, फरशीवर गुडघे टेकून, मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. तिथे गादी नसते, कठडा नसतो, सलाइनचा स्टँड आडवा येत नाही आणि फोनवर ‘समजा मी फोन केला’ म्हटलं की काम भागतं. हा लेख गोव्यातल्या इस्पितळांत आणि आरोग्य केंद्रांत हे प्रशिक्षण लावणाऱ्या इन-चार्ज सिस्टर, नर्सिंग एज्युकेटर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. कार्ड मान्यताप्राप्त केंद्राकडूनच घ्यायचं. ते कौशल्य तुमच्या वॉर्डात, तुमच्या खाटेवर चालावं म्हणून आधी आणि नंतर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. आकडे प्रौढ रुग्णाचे आहेत, जिथे वेगळे आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

टप्पा १ : आठवडाभर आधी वॉर्ड फिरून या

हातात वही घ्या आणि जिथे खरोखर गरज पडेल तिथे जा: मेल-फिमेल वॉर्ड, कॅज्युअल्टी, लेबर रूम, ओपीडीचा बाक, एक्स-रेची खोली, डायलिसिस असेल तर तेही. एक्स-रे आणि ओपीडी सगळे विसरतात. रुग्ण मात्र तिथेही कोसळतो.

प्रत्येक ठिकाणी पुढच्या गोष्टी स्वतः हात लावून बघा. ‘आहे ना सिस्टर?’ ‘आहे, आहे’ यावर भागवू नका.

मदत बोलावण्याचा नंबर. तो फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे का? तो फिरवून बघा. मी एका ठिकाणी फिरवला तेव्हा स्टोअरमध्ये घंटी वाजली. एक्स्टेन्शन बदलून बरेच दिवस झाले होते, कागद जुनाच होता.

अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची बॅग. मास्क काढा, बॅगेचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि बॅग दाबा. बॅग कडक राहिली पाहिजे. हवा कुठून तरी सुटत असेल तर व्हॉल्व्ह उलटा बसलेला आहे किंवा फाटला आहे. धुऊन पुन्हा जोडताना हा व्हॉल्व्ह उलटा लागणं ही रोजची चूक आहे. मोठा मास्क, लहान मास्क, रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठणारी थैली) आणि ऑक्सिजनची नळी त्याच पिशवीत हवी.

ऑक्सिजन. सिलिंडर असेल तर किल्ली कुठे आहे? किल्ली सिलिंडरलाच साखळीने बांधा. दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात सांभाळून ठेवलेली किल्ली नसल्यासारखीच.

खाट. पाठीचा भाग खाली आणायचा हँडल कुठे आहे, तो फिरतो का? कठडा खाली पडतो का? हवेची गादी असेल तर ती एका झटक्यात रिकामी करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे? उंचीने लहान असलेल्यांसाठी पायाखाली घ्यायचं स्टूल जवळ आहे का?

डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) किंवा एईडी (शॉक द्यायचा की नाही ते स्वतः तपासून सांगणारं यंत्र). बॅटरी, पॅडची पाकिटं आणि त्यांवरची शेवटची तारीख. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटाला ओल धरते. पॅडचं पाकीट एकदा फुटलं की आतली जेल सुकते आणि पॅड चिकटत नाही. म्हणून जूनमध्ये ही तपासणी पुन्हा करा.

> तपासा: या फेरीत सापडलेली उणीव प्रशिक्षणाच्या दिवसाआधी दुरुस्त झाली नसेल तर तारीख पुढे ढकला. गळकी बॅग हातात देऊन माणसाला श्वास द्यायला शिकवता येत नाही.

टप्पा २ : बॅच लावा, आणि मिसळून लावा

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमाचं प्रमाण सोयीचं आहे: एका प्रशिक्षकामागे सहा, एका मॅनिकिनमागे तीन. चाळीस जणांना एका मॅनिकिनभोवती उभं करून ‘सगळ्यांनी पाहिलं ना?’ म्हणणं हे व्याख्यान झालं.

बॅच पदानुसार लावू नका. डॉक्टरांची वेगळी, सिस्टरांची वेगळी, अटेंडंटांची ‘नंतर बघू’ अशी विभागणी सगळीकडे दिसते. रात्री अडीच वाजता आरोग्य केंद्रात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक अटेंडंट असतात. तेच तिघे एका बॅचमध्ये हवेत. सुरक्षा रक्षक, रुग्णवाहिकेचा चालक, एक्स-रेचे तंत्रज्ञ यांनाही घ्या. छाती दाबायला पदवी लागत नाही आणि बहुतेक वेळा मनगटांत सगळ्यात जास्त जोर यांच्याच असतो.

नाइट ड्युटी उतरलेल्या माणसाला त्याच सकाळी प्रशिक्षणाला बसवू नका. हजेरीपटावर सही मिळेल, डोकं मिळणार नाही.

भाषेचं आधीच ठरवा. आपल्या एकाच वॉर्डात कोकणी, मराठी, हिंदी आणि केरळहून आलेल्या सिस्टरांचं इंग्रजी असं सगळं चालतं. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी प्रत्यक्ष सूचना त्या माणसाच्या भाषेत द्या. एका बॅचमध्ये दोन तास गप्प बसलेल्या एका दादांनी चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, पूण हांवें कितें करचें?” (पण मी काय करायचं?) तोवर मी त्यांच्यासमोर एपिनेफ्रिनच्या इंजेक्शनपर्यंत पोचले होते. त्यांना हवं होतं एक वाक्य: सिस्टर ‘दाब’ म्हणाली की दाबायचं आणि ‘बदल’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

गरोदर, पाठीचं दुखणं असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले कर्मचारी आधीच विचारून घ्या. त्यांना टेबलावरच्या मॅनिकिनवर, थोडा वेळ, झेपेल तेवढंच करू द्या. बॅग आणि एईडीचा सराव मात्र पूर्ण करून घ्या.

टप्पा ३ : सामान मांडा

मॅनिकिन खोली दाखवणारं किंवा पुरेसं दाबल्यावर ‘टक्’ वाजणारं घ्या. फीडबॅक देणारं असेल तर उत्तमच. सोबत तान्ह्या बाळाचं एक मॅनिकिन, सरावाचं एईडी, बॅग आणि मास्क, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, अल्कोहोलचे स्वॅब. प्रत्येकाच्या सरावानंतर मॅनिकिनचं तोंड पुसा. ताप-खोकला असलेल्यांना त्या दिवशी परत पाठवा.

> धोका: सरावाचे पॅड आणि खरे पॅड दिसायला सारखेच असतात, पण सरावाच्या पॅडमधून शॉक जात नाही. सरावाच्या यंत्रावर आणि पॅडवर ठळक ‘फक्त सरावासाठी’ लिहा. ते क्रॅश कार्टच्या (आणीबाणीच्या सामानाच्या ट्रॉलीच्या) आसपासही ठेवू नका आणि सत्र संपल्यावर मोजून वेगळ्या खोलीत कुलूपबंद करा.

टप्पा ४ : ओळखणं आणि हाक मारणं

इथे घाई करू नका. माझ्या मते प्रशिक्षणाचा एक तास फक्त या टप्प्यावर घालवला तरी चालेल, कारण खऱ्या प्रसंगात गाडं इथेच अडतं.

क्रम असा शिकवा:

1. जागा सुरक्षित आहे का बघा. सांडलेलं पाणी, वायर, सुई.
2. दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारा. नाव माहीत असेल तर नावाने.
3. उत्तर नाही, तर जागेवरून ओरडा. रुग्णाला सोडून मदत शोधायला पळू नका. एका माणसाकडे बोट दाखवून सांगा: “तू फोन कर, नंबर अमुक, सांग मेल वॉर्ड, खाट नऊ. तू ट्रॉली आण.” कुणीतरी फोन करा म्हटलं की कुणीच करत नाही.
4. श्वास आणि मानेची नाडी एकाच वेळी बघा. बोटं घशाच्या घाटीवरून आपल्या बाजूला खाचेत सरकवा, नजर छातीवर. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मोठ्याने मोजा.
5. नाडी नक्की लागली असं छातीठोक सांगता येत नसेल, तर ती नाही असं धरा आणि छाती दाबायला लागा.

पाचवी पायरी पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या. ‘वाटतंय थोडी लागतेय’ या वाक्यात मिनिटं जातात. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटांतली धडधडही रुग्णाची वाटते.

आता सगळ्यात घातक चूक. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला कित्येक रुग्ण अधूनमधून तोंड उघडून आचके देतात. जाळ्यातून होडीत टाकलेला बांगडा जसा जबडा हलवतो तसंच. तो श्वास नव्हे. ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबलेली टीम मी पाहिली आहे. काहींना सुरुवातीला झटके येतात आणि सगळे फिट समजून बाजूला धरून बसतात. प्रशिक्षकाने स्वतः खाटेवर झोपून असे आचके देऊन दाखवावेत. हसतील, पण विसरणार नाहीत.

नाडी आहे पण श्वास नीट नाही, असं असेल तर छाती दाबायची नाही. दर सहा सेकंदांना एक श्वास द्यायचा आणि दर दोन मिनिटांनी नाडी पुन्हा बघायची.

> तपासा: कोसळल्यापासून पहिल्या दाबापर्यंत किती वेळ गेला, ते प्रत्येक सरावात घड्याळावर मोजा आणि फळ्यावर लिहा. हा आकडा बाकी सगळ्या गुणांपेक्षा महत्त्वाचा.

बीपी, ऑक्सिमीटर, ईसीजीचे लीड, सलाइनची सुई यातलं काहीही पहिल्या दाबाच्या आधी येत नाही. सवयीने कुणी कफ उचलला की सराव तिथेच थांबवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

टप्पा ५ : छाती दाबणं

आधी फरशीवर, मग खाटेवर. दोन्ही झालंच पाहिजे.

छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात. बोटं वर उचललेली. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडातून काढलात तर मिनिटभरात दमाल. कमरेतून झुकून वजन टाका.

खोली किमान 5 सेंटिमीटर, 6 च्या वर नको. वेग मिनिटाला 100 ते 120. म्हणजे तीस दाब 15 ते 18 सेकंदांत बसतात. घड्याळ धरून हेच मोजा. त्याहून लवकर उरकले तर बहुतेक वेळा खोलीही कमी पडलेली असते.

वेगासाठी मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप) 110 वर लावा. एकदा कुणीतरी शिगम्याच्या ढोलाची लय सुचवली होती. ढोल रंगात आला की 120 केव्हाच मागे पडतं, तेव्हा नको.

मोजण्याची एक गंमत आहे. मराठीत वीसपर्यंत ठीक चालतं, पुढे ‘एकवीस, बावीस, तेवीस’ म्हणताना जीभ अडखळते आणि हातही जिभेमागे मंदावतो. कोकणीतही तेच. त्यामुळे मी एक ते दहा असं तीनदा मोजायला लावते आणि प्रत्येक दहाला एक बोट मोजायचं काम बॅग धरणाऱ्याला देते. तिसऱ्या दहाच्या सातव्या-आठव्या दाबाला बॅगवाला मास्क बसवून तयार असतो.

पुढच्या चुका नजर ठेवून पकडा:

- छाती पूर्ण वर येऊ न देता पुन्हा दाबणं. दमलेला माणूस छातीवर रेलतो. हृदय भरायला वाव राहत नाही, मग पुढच्या दाबात ढकलायला रक्तच नसतं.
- वर येताना हात छातीवरून उचलणं. जागा सरकते आणि दाब बरगड्यांवर किंवा पोटावर पडतो.
- ‘बरगडी मोडेल’ म्हणून हलका हात. मोडू शकते. थांबू नका, हातांची जागा तेवढी पाहून घ्या.
- दमलो हे कबूल न करणं. दोन मिनिटांनी, म्हणजे पाच फेऱ्यांनी, माणूस बदलायचाच. त्याला वाटो न वाटो, खोली त्याआधीच उतरू लागलेली असते.

खाटेवरचा सराव वेगळा का? मऊ गादीवर दाबलं की तुमचा काही जोर गादीत जातो. वरून पाच सेंटिमीटर दिसतात, छाती तेवढी दबलेली नसते. म्हणून पाठीचा भाग सपाट करा, हवेची गादी रिकामी करा, फळी असेल तर ती सरकवा, पण फळीसाठी दाब थांबवून ठेवू नका. खाट इतकी खाली घ्या की रुग्णाची छाती तुमच्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यापर्यंत कुठेतरी येईल. खाट खाली होत नसेल तर स्टूलवर चढा. रुग्णाला खाटेवरून उचलून फरशीवर घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात वेळ जातो, नळ्या निघतात आणि उचलणाऱ्याची पाठ धरते.

वॉर्डात एक मॅनिकिन रुग्णाचा सदरा घालून, चादर पांघरून, हातात सलाइनची नळी चिकटवून ठेवा. पहिल्यांदा दहापैकी किती जण चादर बाजूला करायलाच विसरतात ते बघा.

> थांबा: दाबांमधला कुठलाही खंड दहा सेकंदांच्या आत हवा. एकूण वेळेपैकी निदान 60 टक्के वेळ, जमल्यास 80 टक्के, छाती दाबली जात असावी. घड्याळ धरणारा माणूस सरावात वेगळा नेमा.

टप्पा ६ : श्वास देणं

तीस दाबांनंतर दोन श्वास. डोकं मागे, हनुवटी वर. मानेला मार असल्याची शंका असेल तर जबडा पुढे उचला. मास्कचा निमुळता भाग नाकावर. अंगठा आणि तर्जनीने मास्कवर ‘सी’, उरलेल्या तीन बोटांनी जबड्याचं हाड वर ओढत ‘ई’. मास्क चेहऱ्यावर दाबू नका, चेहरा मास्कमध्ये ओढून घ्या. या एका वाक्याने अर्ध्या लोकांची गळती बंद होते.

एक श्वास एका सेकंदात. छाती उचललेली दिसली की बास. मोठी बॅग पूर्ण पिळायची नसते. जोरात पिळली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते. शिवाय छातीत हवेचा दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. बॅग हातात आली की घाबरलेला माणूस ती भराभर दाबतच राहतो. त्याच्या शेजारी मोजणारा उभा करा.

एकट्याला सील जमत नसेल तर दोघांनी करा: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दाबणाऱ्याने तिसाव्या दाबानंतर बॅगही दाबायची. छाती उचलली नाही तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा श्वास द्या आणि लगेच दाबांकडे वळा. तिसरा, चौथा प्रयत्न करत बसू नका.

श्वासनलिकेत नळी टाकली गेली असेल तर दाब अखंड चालू आणि दर सहा सेकंदांना एक श्वास. आता थांबून ‘तीसाला दोन’ नाही.

टप्पा ७ : एईडी

यंत्र आलं की त्याच क्षणी चालू करा, बाकीचं ते सांगतं. एक पॅड उजव्या हासळीखाली, दुसरा डाव्या काखेखाली बाजूला. पॅड लावताना दाबणारा थांबत नाही.

छाती ओली असेल तर पुसा. घाम आपल्याकडे बारमाही आहे, म्हणून ट्रॉलीत पंचा हवाच. केस दाट असतील आणि पॅड चिकटत नसेल तर वस्तरा फिरवा. औषधाची पट्टी असेल तर हातमोजा घालून काढा, जागा पुसा. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको. स्त्री रुग्ण असेल तर संकोचाने उशीर होतो. चादरीचा आडोसा धरायला एकाला सांगा. ब्रा सरकवून पॅड जागेवर बसत असेल तर ती कापत बसायची गरज नाही.

यंत्र तपासत असताना कुणीही हात लावायचा नाही. शॉक सांगितला तर डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवा, ‘सगळे बाजूला’ म्हणा, ऑक्सिजनचा मास्क छातीपासून दूर करा, मग बटण दाबा. आणि बटण दाबताच हात पुन्हा छातीवर. नाडी बघायची नाही, मॉनिटरकडे टक लावायची नाही. दोन मिनिटं दाबल्यावरच पुन्हा तपासणी.

इथली नेहमीची चूक म्हणजे शॉक दिल्यावर सगळे हात मागे बांधून ‘आता काय होतंय’ बघत उभे राहतात.

टप्पा ८ : सगळं एकत्र, खऱ्या खाटेवर, तिघांत

आता सभागृहाला कुलूप लावा. वॉर्डात रिकामी खाट घ्या, शेजारच्या रुग्णांना आधी सांगा की सराव आहे. नाहीतर कुणाच्या तरी घरी फोन जाईल आणि संध्याकाळी गावभर बातमी.

तीन माणसांची वाटणी अशी:

पहिला, ज्याने रुग्ण पाहिला तो. ओरडतो, नाडी-श्वास बघतो, दाबायला लागतो. तो डॉक्टर असो की अटेंडंट.

दुसरा फोन करून ट्रॉली घेऊन येतो, एईडी चालू करतो, पॅड लावतो, मग बॅग धरतो.

तिसरा सूचना देतो, वेळ लिहितो, नातेवाइकांशी बोलतो आणि दोन मिनिटांनी दाबणाऱ्याची जागा घेतो.

या तिघांखेरीज डॉक्टर आले की त्यांनी छाती दाबायला लागू नये. त्यांनी पायथ्याशी उभं राहून बघावं. सूचना देणारा स्वतः दाबत असला की सगळ्यांचे डोळे छातीवर आणि घड्याळ कुणाचंच नाही. हे ज्येष्ठ डॉक्टरांना पटवणं कठीण जातं, तरी पटवा.

बोलण्याचा फेरा पूर्ण करा: सूचना, तिचा पुनरुच्चार, काम झाल्याची खबर. “ऑक्सिजन लाव.” “ऑक्सिजन लावतोय.” “लागला, पंधरा लिटर.” मान हलवणं चालणार नाही.

लहान केंद्रांसाठी एक जादा सराव: फोन करणाऱ्याने 108 ला केंद्राचं नाव, रुग्ण प्रौढ की बालक, सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) चालू आहे, एवढं नीट सांगायचं. वाळपई किंवा काणकोणच्या भागातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचं अंतर काही थोडं नाही. तेव्हा गाडी येईपर्यंत तिघांनी आळीपाळीने दाबत राहायचं आहे. दहा मिनिटांचा सलग सराव एकदा तरी करा. दहाव्या मिनिटाला कोण कुठे उभा असतो ते बघण्यासारखं असतं.

> तपासा: सरावानंतर तीनच प्रश्न. पहिला दाब कधी पडला? सगळ्यात मोठा खंड किती सेकंदांचा आणि कशामुळे? कुठली वस्तू शोधावी लागली? उत्तरं मिळाली की माणसाला बोल लावू नका, वस्तूची जागा बदला.

टप्पा ९ : वेगळे प्रसंग, थोडक्यात

बुडालेला रुग्ण. किनाऱ्यालगतच्या केंद्रांत हा नेहमीचा, आणि सत्तरी तालुक्यातल्या नद्या-धबधब्यांवरही. ‘दृष्टी’ या किनाऱ्यावरच्या सुरक्षा संस्थेचे जीवरक्षक बहुधा सीपीआर सुरू करूनच आणतात. ते थांबू देऊ नका, त्यांच्याकडून काम हाती घ्या. इथे अडचण श्वासाची असते, म्हणून सुरुवात दोन श्वासांनी, मग तीसाला दोन. पोट दाबून पाणी काढायचा खटाटोप अजिबात नको. पॅडआधी छाती कोरडी करा.

गरोदर स्त्री. गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर असेल तर एकाने ते हातांनी रुग्णाच्या डाव्या बाजूला सरकवून धरायचं. दाबांची जागा तीच. प्रसूतीच्या डॉक्टरांना पहिल्याच फोनमध्ये सांगा.

बालक. दोघे असाल तर पंधराला दोन, एकटे असाल तर तीसाला दोन. खोली छातीच्या एक तृतीयांश: मुलात सुमारे 5, तान्ह्यात सुमारे 4 सेंटिमीटर. तान्ह्याची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला. नाडी साठच्या खाली, मूल फिकट, निळं पडलेलं आणि श्वास दिल्यावरही सुधारणा नाही, असं असेल तर वाट बघू नका, दाबायला लागा. तान्ह्यासाठी पूर्वी दोन बोटं शिकवत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2025 च्या मार्गदर्शनात ती पद्धत गेली. आता छातीला हातांचा वेढा घालून दोन अंगठे, किंवा एका हाताची टाच.

घास अडकणं. त्याच मार्गदर्शनात हेही बदललं. शुद्धीवर असलेल्या प्रौढाला आणि मुलाला आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब, आलटून पालटून. तान्ह्याला पाठीवर पाच आणि छातीवर पाच, पोटावर कधीच नाही. जुनी भित्तिपत्रकं उतरवा, नाहीतर लोक भिंतीवरचंच खरं मानतील.

टप्पा १० : परीक्षा, आणि नंतरचे महिने

कार्ड दोन वर्षं चालतं. हात तेवढे चालत नाहीत. काही महिन्यांतच खोली कमी होते आणि खंड वाढतात. म्हणून दोन वर्षांनी एकदा पूर्ण दिवस एवढ्यावर विसंबू नका. दर तीन महिन्यांनी, ड्युटी बदलताना, वॉर्डातच प्रत्येकी दोन मिनिटं. मॅनिकिन ट्रॉलीवर टाकून फिरवा. सकाळच्या ओव्हरनंतर (ड्युटी सोपवून झाल्यावर) तीन जण, दुपारी तीन, रात्री दोन. महिन्याभरात वॉर्ड पूर्ण होतो आणि कुणाची रजा जात नाही.

परीक्षा घेताना तोंडी प्रश्न कमी करा. एक माणूस आत बोलवा, ‘हा पडलाय’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मदत करू नका, भुवयाही हलवू नका. तीस दाब 15 ते 18 सेकंदांत, छाती पूर्ण वर, दोन श्वासांनी छाती उचलली, दहा सेकंदांच्या आत पुन्हा दाब. एवढं जमलं की उत्तीर्ण. नाही जमलं तर त्याच दिवशी पुन्हा, चारचौघांत न बोलता.

नोंदवहीत नाव, तारीख, पहिल्या दाबापर्यंतचे सेकंद आणि पुढची तारीख. सही प्रशिक्षकाची, शिकणाऱ्याची नव्हे. मूल्यांकनाच्या आदल्या रात्री मागच्या तारखा टाकून भरलेली वही ओळखू येते: सगळ्यांचे आकडे सारखेच आणि शाईही एकच.

शेवटी ट्रॉली. सरावात उघडलेलं प्रत्येक पाकीट बदला, बॅग पुसून जोडा, तळहात लावून पुन्हा एकदा दाबून बघा, सिलिंडर बंद करा, सरावाचे पॅड मोजून परत घ्या, सील लावा, सील नंबर वहीत उतरवा. मगच वॉर्ड इन-चार्ज सिस्टरांच्या ताब्यात द्या.